या कार्यक्रमाने बेकायदेशीर कृत्य केले आहे

तुमच्या बाबाचं, म्हणजे माझ्या लेकाचं, लग्न एका कॉम्प्युटरमुळे मोडायला आलं होतं. कॉम्प्युटर त्याचा होता, इंग्रजी माझं.

तुमचे गुहागरचे आजोबा, अप्पा, लेकीला घेऊन आमच्याकडे रत्नागिरीला आले होते. सुपारीचे बागायतदार ते. मुलगा 'कॉम्प्युटरवर बसतो' म्हणजे नेमकं काय करतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देणार नव्हते. मध्यस्थ बंडूकाका घामाघूम. मी सगळ्यांना आधी पाय धुवायला लावले. (कॉम्प्युटरला व्हायरस होतो, एवढं ऐकलं होतं. तो पायांनी येत नाही, हे कोणी सांगितलंच नव्हतं!)

बाबाने क्रोशाचं झाकण काढून बटण दाबलं. आत काहीतरी घुरघुरलं. अप्पा करंजी हातात धरून बघत राहिले. एवढ्यात टुंग्! पडद्यावर राखाडी चौकट.

"काय म्हणतोय तो?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही, ते आपलं..." बाबा चाचरला.

"थांब रे, मी सांगते!" इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई गप्प बसते थोडीच! चष्मा लावून मी खणखणीत भाषांतर केलं, "या कार्यक्रमाने बेकायदेशीर कृत्य केले आहे. तो आता बंद करण्यात येईल."

खोलीत कार्यक्रम एकच चालू होता. मुलगी दाखवण्याचा!

अप्पांनी करंजी बशीत ठेवली. "बेकायदेशीर? म्हणजे मुलाचं आधी एक लग्न झालंय की काय?"

"छे हो!" बंडूकाका उठलेच. "वहिनी, पुढे वाचा. पुढे काहीतरी चांगलं असेल!"

मी पुढे वाचलं. "त्रास चालूच राहिल्यास कार्यक्रम विकणाऱ्याला गाठा."

सगळे बंडूकाकांकडे बघायला लागले.

"मी कुणाला काही विकलेलं नाही हो!"

अप्पा चपलांपर्यंत पोचले होते. तोवर मान खाली घालून बसलेली तुमची आई उठली, तिने एक बटण दाबलं आणि चौकट गेली.

"अप्पा, कार्यक्रम नव्हे, प्रोग्रॅम. बंद करून परत चालू करायचा असतो. बसा."

"तुला गो काय ठाऊक?"

"शिवणाच्या क्लासला जात होते ना, तो हाच, कॉम्प्युटरचा."

अप्पा चपला सोडून परत येऊन बसले. मग त्यांनी करंजी उचलली. "मग ठेवून घ्या हिला. शिवण तर येत नाहीच!"

लग्नानंतर सुनेने मला एकच अट घातली, पडद्यावरचं इंग्रजी मोठ्याने वाचायचं नाही. आत्ता हे लिहितानाही एक चौकट आली आहे. तुमच्या आईला फोन लावलाय. ती उचलेपर्यंत मी डोळे मिटून बसले आहे!