करडा रंग उतरवायचा राहिला

ऑफिसात त्यांना सगळे रंगारीणबाई म्हणत. फुलं घरपोच पाठवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटचं रूपडं त्यांच्याकडे होतं. लग्नाच्या गुच्छांचं पान लालभडक, बाळाच्या स्वागताचं पिवळं, श्रद्धांजलीच्या पुष्पचक्रांचं करडं. सात वर्षं त्या हेच करत होत्या, आणि त्यातली पावणेसात स्वतःचीच एक चूक निस्तरण्यात गेली होती.

चूक साधी होती. ही साइट एका पानावरून दुसऱ्यावर जाताना नव्याने उघडत नाही. चौकट तीच राहते, आतला मजकूर तेवढा बदलतो. म्हणजे रंग चढवला तसा तो उतरवावाही लागतो. बाईंनी पहिल्या घाईत चढवला आणि उतरवायचा राहिला. मग कोणी श्रद्धांजलीचं पान बघून लग्नाच्या पानावर आलं, की नवरीचा गुच्छ करड्या पडद्यावर, काळ्या चौकटीत! एका नवरीच्या आईने फोनवर साहेबांची जी हजेरी घेतली, ती शेजारच्या खोलीत ऐकू आली. तेव्हाच मुळावर घाव घालायचा, तर बाईंनी ठिगळ लावलं. करड्यावरून आलात तर असं, पिवळ्यावरून आलात तर तसं. ठिगळावर ठिगळ चढत गेलं. शेवटी कुठल्या वाटेने आलं की कुठला रंग मागे राहतो, हे एकट्या बाईंच्या डोक्यात उरलं. सुट्टी घेतली की फोन. ताप आला तरी फोन. बाळंतपणाच्या कळा येत असताना सुद्धा, "तेवढं एकच सांगा हो," म्हणून फोन.

गेल्या वर्षी नवऱ्याची बदली झाली. पाच वर्षांच्या लेकीला घेऊन तो पुढे गेला. "काम कुणाच्या तरी हाती दिलं की आलेच, दोन महिन्यांत," बाई म्हणाल्या. त्याला अकरा महिने झाले. दोन खोल्यांच्या घरात एका खोलीचा दिवा आता लागतच नाही. लेक रोज संध्याकाळी "कधी येणार?" विचारते. आपल्याच हाताने विणलेल्या जाळ्यात त्या अडकल्या होत्या, आणि हे त्यांना पुरतं कळत होतं.

या पंधरवड्यात मात्र त्या हट्टाला पेटल्या. सगळी ठिगळं उसवली. प्रत्येक पानापुढे त्याचा रंग लिहिला आणि एकच नियम ठेवला: पान बदललं की आधीचा रंग उतरवायचा, मगच नवा चढवायचा. सगळा प्रोग्राम चाळीस ओळींत बसला. करड्यावरून लाल, लालवरून पिवळं, मागे, पुढे, कुठेही डाग नाही.

त्यांच्या जागी नेमलेल्या नव्या बाईंनी साहेबांसमोरच त्या ओळी वाचल्या. दहा मिनिटं लागली.

"एवढंच होय?" त्या हसून म्हणाल्या. "अहो, मी धसकाच घेतला होता. म्हटलं, काय डोंगर आहे न काय!"

साहेबही खूश झाले. "चला, सुटलात एकदाच्या! तारीख सांगा, सही मी करतो. आता तुमच्यावाचून काही अडत नाही आमचं."

हे ऐकायला बाईंनी अकरा महिने काढले होते. पण ते कानावर पडलं आणि त्यांच्या मनात वेगळंच आलं. ज्या फोनांना सात वर्षं शिव्या घातल्या, ते आता वाजणार नाहीत. नव्या गावात आपल्याला विचारणार कोण? त्यांना चक्क रडू येत होतं.

"घाई नको, सर," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "मोबाइलवर अजून नीट तपासलेलं नाही. थोडे दिवस मीच बघते."

मोबाइलवर त्यांनी तीनदा तपासलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "काय, सुटलीस का?"

"कुठलं रे! साहेब सोडत नाहीत."

पलीकडे जरा झटापट झाली आणि लेकीचा आवाज आला. "आई, त्या साहेबांना फोन दे. मी चांगली ओरडते त्यांना."

बाईंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"आई? दिलास का?"

"दिला," बाई म्हणाल्या. "बोल."