जुनी डॉस, नवी डॉस आणि ‘येतो’

इथले अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतेय. खोटं कशाला बोलू, निम्म्यांवर हसते. कुणाला चकवा लागतो, कुणाला मागून हाक येते... मी आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवला. कारण सापडत नाही म्हणजे आपण ते नीट शोधलेलं नाही, हे वर्गात मीच सांगत आले. त्यामुळे हे लिहायला हात धजत नव्हता. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, लिहून टाक एकदाचं, आम्हाला किती वेळा सांगशील?" म्हणून लिहितेय. घाबरण्यासारखं यात काही नाही. चूक माझी होती, एवढंच आहे, आणि ते घाबरण्यापेक्षा वाईट आहे.

साल १९८९. रत्नागिरीत मारुती आळीजवळ एका सायकलच्या दुकानावर माझा टायपिंगचा क्लास होता. पुढच्या खोलीत टाइपरायटर, आणि आतल्या खोलीत, चपला बाहेर काढून जायचं तिथं, आमचा एकुलता एक कॉम्प्युटर. हिरव्या अक्षरांचा. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि गावात कॉम्प्युटर शिकवणारी पहिली बाई म्हणून डोक्यात बऱ्यापैकी हवा गेलेली.

दुपारी दोन ते चार बॅच नसायची. त्या वेळात मेस्त्री गुरुजी यायचे. पूर्णगडच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली चौथी शिकले. निवृत्त झाल्यावर ते रत्नागिरीत पुतण्याकडे, अनंताकडे, राहायला आले होते. त्यांना एकच वेड — आपल्याकडचे शब्द गोळा करायचे. गडगा, पाखाडी, व्हाळ, आगोट, माशांची नावं, कातळाची नावं, नांगरणीचे, होड्यांचे. दापोलीपासून राजापूरपर्यंत एस्टीनं फिरून, बंदरावर आणि खळ्यांत बसून बसून त्यांनी ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवले होते. दोन वर्षं रोज दोन बोटांनी ते ह्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवत होते. मराठी अक्षरं आमच्याकडे नव्हती, म्हणून इंग्रजी लिपीत. दोन हजारांवर शब्द झाले होते.

एकदा मीच त्यांची चेष्टा केली होती. "गुरुजी, मशिनमध्ये गेलं ना सगळं? मग ही रद्दी कशाला सांभाळताय?" त्यांना ते पटलं. माझ्यावर भरवसाच तेवढा. चढवून झालेल्या चिठ्ठ्या ते घरी द्यायला लागले, आणि अनंताची बायको त्या आंघोळीच्या बंबात घालायला लागली. हे वाक्य लिहिताना आजही मला कसंतरी होतं.

गुरुजींच्या दोन सवयी सांगायला हव्यात, पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

पहिली तारखेची. त्या मशिनच्या आत घड्याळ नव्हतं. चालू केलं की ते आधी आजची तारीख विचारायचं, आणि आपण देऊ ती प्रत्येक फाइलवर पडायची. पण त्याला अमेरिकन पद्धत हवी, आधी महिना, मग दिवस. गुरुजींना ते मान्यच नव्हतं. "आधी दिवस, मग महिना. शाळेच्या फळ्यावर चाळीस वर्षं मी तसंच लिहिलं. ह्यानं शिकायचं." तेरा तारखेपासून पुढे मशिन त्यांची तारीख घ्यायचंच नाही, मग नाइलाजानं उलटी घालायचे. बारा तारखेपर्यंत मात्र आपलंच खरं करायचे. त्यामुळे पाच फेब्रुवारीची त्यांची फाइल मशिनच्या हिशोबी दोन मेची व्हायची. मी चिडायचे, ते मिश्कील हसायचे.

दुसरी सवय निरोपाची. पहिल्या दिवशी मी मशिन बंद केलं तर म्हणाले, "असंच? न सांगता उठायचं? कुणाच्या घरून अशी उठतेस काय गो?" आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, आणि घरातलं मोठं माणूस ‘ये’ म्हणतं. म्हणून मी गमतीनं एक छोटी आज्ञा लिहिली. YETO असं टाइप केलं की दिवसाचं काम फ्लॉपीवर उतरायचं, मशिनच्या आतली डिस्क बंद करण्याआधी जे करावं लागे ते व्हायचं, आणि शेवटी स्क्रीनवर दोन अक्षरं यायची — YE. म्हातारा खूश. रोज चार वाजता YETO लिहायचे, YE वाचायचे आणि मगच काठी उचलायचे.

मीही संध्याकाळी तेच वापरायचे. त्यावरून एकदा मला बोलले, "तू ‘येतो’ काय म्हणतेस? बाईमाणूस ना तू? तुझं ‘येते’ वेगळं कर."

"मशिनला बाई-पुरुष कळत नाही, गुरुजी."

"त्याला नसेल कळत. तुला कळतं ना?"

करते म्हटलं आणि केलं नाही. हे लक्षात ठेवा. त्या डिस्कवर YETE नावाचं काहीही कधीच नव्हतं.

मे महिन्यात कोल्हापूरचा आमचा इंजिनिअर, देसाई, डॉसच्या, म्हणजे ज्याच्यावर सगळं मशिन चालतं त्या मूळ प्रोग्रॅमच्या, नव्या आवृत्तीच्या फ्लॉप्या देऊन गेला. "मॅडम, आता सगळीकडं हीच चालणार. जुन्यावर शिकवलेली पोरं उद्या कुठं जाऊन काय करणार?" जुनी डॉस तशी काही वाईट चालत नव्हती. पण जूनमध्ये नवी बॅच सुरू व्हायची होती आणि पाटीवर मी आधीच रंगवून घेतलं होतं — ‘नवीन डॉसवर प्रशिक्षण, रत्नागिरीत प्रथमच’. नवी घालायची तर डिस्क एकदा पूर्ण पुसून, नव्यानं मांडून, मग गुरुजींचं काम फ्लॉप्यांवरून परत आत घ्यायचं. तसं सोपं होतं.

गुरुजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुंबईला मुलाकडे निघाले होते. सकाळच्या गाडीला सोडायला मी स्टँडवर गेले आणि तिथंच त्यांना हे सांगितलं.

ते खिडकीशी बसले होते. म्हणाले, "मी येईपर्यंत थांब."

"बॅच सुरू होतेय गुरुजी. आणि सगळं फ्लॉपीवर आहे की. रोज तुम्हीच तर उतरवता."

"असेल. पण घर बदलताना एखादं भांडं राहून जातंच. मी समोर असलो तर मला कळेल काय राहिलं ते. महिनाभर जुन्यावर शिकव. मुलं काही मरत नाहीत."

"तुम्हाला सगळं जुनंच हवं असतं," मी म्हटलं. "तारीखसुद्धा."

ते चष्मा पुसत राहिले. मला आणखीच राग आला, स्वतःचाच आला असेल, पण निघाला त्यांच्यावर. म्हटलं, "जाते मी. क्लास उघडायचाय."

चार पावलं गेले असेन. मागून आवाज आला, नेहमीचा, वर्गातला. "येते म्हण गो."

मी ऐकलं. वळले नाही.

सहा जूनला, मंगळवारी, मी ते काम काढलं. डिस्कवरचं सगळं नाहीसं होईल, पुढे जायचं का, असं मशिननं विचारलं. हो असेल तर Y. मी Y दाबलं. नवी डॉस घातली, उत्तम चालली. मग गुरुजींच्या फ्लॉप्या काढल्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या असायच्या. पहिली घातली, मशिन नुसतं कुरकुरलं आणि वाचता येत नाही म्हणालं. दुसरी तशीच. तिसरी उजेडात धरून पाहिली तर आतल्या काळ्या चकतीवर बारीक पांढरे ठिपके... बुरा. आमच्या हवेत पापडाला, चपलांना, पुस्तकांना बुरा येतो हे शेंबड्या पोराला माहीत. रोज फ्लॉपीवर उतरवत होतो, पण एकदाही, दोन वर्षांत एकदाही, ती परत वाचून पाहिली नव्हती. आणि पुसायच्या आधी तपासायला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं.

पाचही फ्लॉप्या गेल्या होत्या. मी कापसानं पुसल्या, पंख्याखाली वाळवल्या, सगळं केलं. एक शब्द परत आला नाही.

बुधवारी गुरुजींना आंतर्देशीय पत्र लिहायला बसले. ‘साष्टांग नमस्कार’च्या पुढे जाता येईना. ते पत्र पर्समध्येच राहिलं. गुरुवारी सकाळी वाऱ्यानं खांब पडले आणि आमच्या बाजूची वीज गेली ती रविवारी संध्याकाळी आली. चार दिवस क्लासला कुलूप. किल्ली एकच, ती माझ्याकडे.

सोमवारी, बारा जूनला, क्लास उघडला. मशिन चालू केलं, तारीख घातली, माझ्या पद्धतीनं, आधी महिना. नव्या डिस्कवर काय काय आहे त्या यादीचा प्रिंट काढून भिंतीला टाचला. यादीच्या शेवटी एक जास्तीचं नाव होतं. YETE. तारीख 09-06-89.

म्हणजे मशिनच्या हिशोबी सहा सप्टेंबर. अजून उजाडायचा होता. मला वाटलं, कुणीतरी आगाऊपणा केलाय. फाइल उघडली. आत एकच ओळ, गुरुजी शब्द लिहायचे तशी. आधी शब्द, मग दोन ठिपके, मग अर्थ.

YETE : NIGHTANA MHANAVA. JATE MHANU NAYE.

माझं डोकं सणकलं. बाहेर येऊन विचारलं, "आतल्या मशिनला कुणी हात लावला?" टायपिंगच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. लावणार कोण आणि कधी? पण तेव्हा एवढा विचार केला नाही. आधीच जीव जळत होता, त्यात ही थट्टा. आत गेले आणि ती फाइल पुसून टाकली. हो... तीसुद्धा मीच पुसली.

दुपारी दोनच्या सुमाराला अनंता जिना चढून आला. नेमकी गुरुजींची वेळ. दारात चप्पल काढली आणि तिथंच उभा राहिला.

"काका गेले, विद्याताई. शुक्रवारी. डोळ्याचं नीट झालं होतं, पट्टीपण काढली होती. दुपारी चहा पिता पिता गेले. कोपऱ्यावरचा फोनचा खांब पडला म्हणून ट्रंक कॉल लागत नव्हता, आज तार आली."

शुक्रवार म्हणजे नऊ जून. आधी दिवस, मग महिना — 09-06.

मी त्याच्यादेखत भिंतीकडे तोंड फिरवलं. तो बिचारा समजला, बाईंना गुरुजींचं दुःख झालं. दुःख होतंच. पण मी भिंतीवरच्या कागदावरची तारीख पुन्हा पुन्हा वाचत होते, ते त्याला कुठून कळणार? शब्द गेल्याचं त्याला सांगायला मला पुढे सहा महिने लागले. तो म्हणाला, "जाऊ दे ताई, काका तुमच्यावर कुठे रागावणार होते." त्यापेक्षा त्यानं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर देसाई आला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे चहा संपवला.

"मॅडम, फॉर्मॅट केलं म्हणून डिस्कवरचं लगेच जात नाही. फक्त पत्ता पुसला जातो. नवीन काही वर बसेपर्यंत जुनं तिथंच पडून असतं. त्यातलंच काहीतरी वर आलं असणार."

"म्हणजे मी Y दाबल्यावरसुद्धा ते सगळं तिथंच होतं?"

"होतं की. नवी डॉस घालायच्या आधी मला एक तार केली असती तर बरंचसं काढून दिलं असतं."

हे मला माहीत नव्हतं. मी, कॉम्प्युटर शिकवणारी.

"पण देसाई, जुन्यात YETE नव्हतंच. YETO होतं. आणि ती तारीख? वीज नव्हती त्या दिवशी."

त्यानं भिंतीवरचा तो प्रिंट काढून खिडकीशी नेला, बराच वेळ बघितला. मग परत टाचणी लावली. "मग मला काय माहीत नाही बुवा," म्हणाला, आणि पुन्हा तो विषय त्यानं कधी काढला नाही.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. शाई पार उडालीय, पण YETE आणि पुढचे आकडे तिरका धरला की दिसतात. तुमच्यातले कॉम्प्युटरवाले म्हणतील, योगायोग, जुना कचरा, बाईंना नीट आठवत नसेल. म्हणा. मीही तुमच्या जागी तेच म्हटलं असतं. पस्तीस वर्षं शोधतेय, मला कारण सापडलेलं नाही.

मला छळतं ते वेगळंच. दोन वर्षांचं, खरं तर जन्माचं काम मी एका बोटानं घालवलं. त्या ओळीत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. रागावणं नाही, विचारणं नाही. चौथीत माझ्या वहीत चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारून वर बरोबर शब्द लिहायचे, तेवढंच केलं होतं. आणि तेही मी वाचलं, न वाचल्यासारखं केलं आणि पुसलं. स्टँडवर वळले नाही, अगदी तसंच.

त्यानंतर माझ्या तोंडातून ‘जाते’ निघालेलं नाही. भाजी आणायला निघाले तरी नाही. घरचे हसतात, हसू देत.

एवढंच सांगायचं होतं, गुरुजी. येते.