कंदील लावून घेतलेला बचाव

वहिनी जुन्या खुर्च्या आणि सोफे नव्याने मढवून देत. काम करताना बारीक खिळे ओठांत धरायचे, एकेक काढून ठोकायचा. त्यामुळे आठवडाभर तोंड बंद. शनिवारी दुपारी खिळे डबीत जात आणि जीभ मोकळी होई.

कापडं कापायच्या टेबलावर मग खेळ मांडला जाई. भावजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, गोष्ट सांगत. वहिनी, त्यांची भाची आणि शेजारचे दातांचे डॉक्टर हे तिघं त्या गोष्टीतली पात्रं. कोण काय करतो ते बोलून सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवी; आकडा जितका मोठा तितकं चांगलं. पात्र मेलं तर गोष्ट संपेपर्यंत बाहेर बसायचं, हा भावजींचा कडक नियम.

मागच्या गोष्टीत वहिनी सुरुवातीलाच मेल्या. अंधाऱ्या तळघरात राक्षस आले. वहिनींनी वार सोडून बचाव घेतला. बचाव घेतला की शत्रूला प्रत्येक वारासाठी फासा दोनदा टाकावा लागतो आणि त्यातला कमी आकडा धरतात. वर शहाणपणा म्हणून त्यांनी कंदील फुंकला.

"आता मी कुणाला दिसणार नाही."

"राक्षसांना अंधारात दिसतं, वहिनी. तुम्हालाच ते दिसणार नाहीत. न दिसणारा वार चुकवणार कसा? बचाव रद्द."

नंतरचे कितीतरी शनिवार वहिनींनी चहा करण्यात आणि दुसऱ्यांचं युद्ध ऐकण्यात काढले. खिळे पुन्हा ओठांत आल्यासारखं झालं होतं. असं परत होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं.

नव्या गोष्टीत त्यांनी ढालवाली घेतली आणि उठसूट बचाव घ्यायला लागल्या.

"वहिनी, तुम्ही लढायला आलात की आडोसा करायला?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही उपटा, मी टिकवते. ज्याचा त्याचा धंदा."

मग तो शनिवार आला. डॉक्टरांचा तलवारबाज बेशुद्ध पडला होता. भाची त्याला ओढत भुयारातून नावेकडे नेत होती. मागे चार भालेवाले राक्षस. मध्ये एकच दार आणि दारात वहिनी. एक भाला लागला की त्या संपणार होत्या.

"तुम्हीही पळू शकता," भावजी म्हणाले. "सगळ्यांच्या आधी नावेत बसाल. ते दोघं मात्र मागे पडून सापडतील."

वहिनींनी नकारार्थी मान हलवली. "मी दारातच. बचाव. आणि कंदील लावते."

"मावशी! आधीच तोंड पोळलंय ना कंदिलाने? चौघंही तुझ्यावर धावतील!"

"धावू देत. माझी एक खेळी जाईल, त्यांच्या चार जातील. तेवढ्यात तू नाव गाठ."

डॉक्टर वहिनींकडे बघतच राहिले. इतके दिवस ज्याला ते भित्रेपणा म्हणत होते, त्याचा हिशोब त्यांना पहिल्यांदा कळला.

भावजींनी फासे टाकले. पहिला भाला हुकला. दुसरा ढालीवर आदळला. तिसरा चौकटीत रुतला. चौथ्याला फासा गरगरत डबीला धडकला आणि थांबला. वीस. त्याहून मोठा आकडाच नाही.

भाचीने तोंडावर हात ठेवला. भावजींनी नजर चुकवली.

"गेलात, वहिनी."

"कंदील लावलाय मी. सगळे दिसतायत. दुसरा टाका, भावजी."

भावजींनी टाकला. तीन.

डॉक्टर एवढ्या जोरात ओरडले की बाहेरच्या कुत्र्याने भुंकून उत्तर दिलं. नाव पाण्यात होती. पुढच्या खेळीला वहिनींनी ढाल टाकली आणि धावत जाऊन नावेत उडी मारली.

त्या दिवशी चहा डॉक्टरांनी केला. अगदी पाणचट. वहिनींनी तो न कुरकुरता प्यायला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"हं, भावजी. पलीकडच्या काठावर काय आहे?"