अर्ध्या कागदावरचं राज्य

“माझ्या राज्याला समुद्र एकाच बाजूनं हाय. दुसऱ्या बाजूला आपण हाय,” हणमंत एकदा चहा पिताना म्हणाला होता. कारखान्यातले लोक बराच वेळ हसले होते.

हणमंत होटगीचा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं नक्षी काढतो. चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने मोर, कमळ, वेल. नक्षी नेहमी अर्धीच काढायची. मागाचे दोरे असे बांधलेले असतात की उरलेली अर्धी माग आरशासारखी उलटून स्वतःच विणतो.

जेवणाच्या सुट्टीत तो मीठगिरी नावाचं आपलं मनातलं राज्य काढायचा. डाव्या कडेला समुद्र, मग वाळूची अरुंद पट्टी, मग चढत गेलेले डोंगर आणि उजव्या कडेला शेवटची उंच रांग. समुद्र त्याने पाहिला नव्हता. उजनी धरणाचं पाणी पाहिलं होतं. कागदावर त्याचाच पलीकडचा काठ पुसून त्याने समुद्र केला. ठिपका दिलेल्या प्रत्येक चौकटीत चाळीस माणसं. ठिपके किनाऱ्याला दाट, वर विरळ, शिखरांवर एकही नाही. एकूण तीन लाख अठरा हजार. झऱ्यांना झेपतील तेवढीच माणसं, याबाबत तो कडक होता. “उनाळ्यात टँकर लागला तर ते राज्य कसलं?”

या महिन्यात तो निवृत्त होणार. मालक मंजुनाथ त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. त्याने विचारलं, “काका, काय देऊ तुम्हाला?”

“मीठगिरीची एक चादर विणून द्या.”

मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडणाऱ्या सिदूने कागद बघून पट्ट्या केल्या. मंगळवारी चादर मागावरून उतरली. टेबलावर पसरली.

समुद्र. किनारा. डोंगर. शेवटची रांग. रांगेपलीकडे पुन्हा डोंगर, पुन्हा किनारा, पुन्हा समुद्र.

“हणमंता, तुझी पब्लिक डबल झाली की,” सिदू म्हणाला.

“सहा लाख छत्तीस हजार.”

“आन आपण कुटं गेलो?” सिदू हसत होता. मग हणमंतचा चेहरा बघून चादरीची कड सरळ करायला लागला.

चूक हणमंतचीच होती. हाताच्या सवयीने त्याने राज्य अर्ध्या कागदावर बसवलं होतं. शेवटच्या रांगेपलीकडे काळं रान, ज्वारी, होटगीचे रूळ असणार, हे त्याच्या मनात इतकं पक्कं होतं की काढायची गरजच वाटली नाही. माग मनातलं विणत नाही.

“न उलटता सरळ विणता येईल?” त्याने विचारलं.

“काका, तुम्हीच सांगा. सगळा माग सोडून हजारो दोरे नव्यानं बांधायचे, एका चादरीसाठी?” मंजुनाथने चादरीवरून हात फिरवला. “खरं तर हेच भारी दिसतंय. दोन्हीकडं समुद्र. अकलूजच्या एका लग्नात आहेराला दीडशे चादरी पाहिजेत. हीच नक्षी लावतो. कोपऱ्यात तुमचं नाव विणू.”

हणमंत चादरीवर वाकला. त्याने शेवटच्या रांगेवर बोट ठेवलं आणि तिथेच चादरीची घडी घातली. उजवीकडचा समुद्र खाली गेला. समोर राज्य होतं तसं उरलं. त्याने वरून तळवा दाबून पाहिला. जाडी दुप्पट लागत होती.

“काका, लावू ना?”

घडी घातलेली चादर टेबलावरच राहिली. हणमंतने शेजारचा मीठगिरीचा मूळ कागद उचलला, गुंडाळला, दाराशी चपला घातल्या आणि बाहेर पडला.