उडीचा रिमोट

मंडळी, आज डोंबिवलीचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर आमचा नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम सापडला. दोघंही दमलेलो, तरी दादाने तो जुन्या टीव्हीला जोडलाच.

त्यात माणूस एकच, पण रिमोट दोन. एकाने त्याला पळवायचं, दुसऱ्याने उडी मारायला लावायची. कल्पना भारी होती, पण उडी कायम उशिरा पडायची आणि माणूस खड्ड्यात जायचा. लहानपणी उडीचा रिमोट माझ्याकडे, त्यामुळे दादाची बोलणीही मीच खायची. "तुला साधं एक बटण दाबता येत नाही!"

आज म्हटलं, मी पळवते, उड्या तू मार.

पहिल्याच खड्ड्यात माणूस पडला. दादा ओरडला, "अगं, मी वेळेवर दाबलेलं!"

शाळा संपेपर्यंत मी हेच सांगत होते. आता भांडायचाही कंटाळा आलाय. तुमच्या घरी उडीचा रिमोट कोणाच्या हातात असायचा?