एकेरी रेघेकडचा शेजारी

आपल्या मूर्खपणाची गोष्ट माणसानं स्वतः सांगावी. दुसऱ्यानं सांगितली की ती वाढते. माझी तर गावात आधीच बरीच वाढली आहे. कुणी म्हणतं मी शेजाऱ्याचं घर पाडलं, कुणी म्हणतं त्या धक्क्यानं मी अंथरूण धरलं. तसलं काही झालेलं नाही. चहा घ्या, आणि झालं तेवढंच ऐका.

मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची अकरा वर्षं रंगरुटांना नकाशा वाचायला शिकवत होतो. हे आता तुम्हाला सांगतोय, तसंच भेटेल त्याला सांगायचो. कुणी विचारायची वाट बघायचो नाही.

घर गावठाणात, रस्त्याला लागून. जुनं दगडमातीचं, वर पत्रा, दार दक्षिणेला. मुलाचं लग्न ठरलं. मुलगी शिराळ्याची, तिचे वडील मोजकं बोलणारे. घर बघितलं, पोहे खाल्ले आणि जाताना चपला घालत म्हणाले, "वर एक खोली तेवढी काढा. खोली झाली की तारीख धरू."

म्हणजे खोली नाही तर तारीख नाही! त्या दिवसापासून मुलगा माझ्याशी फक्त सिमेंटबद्दल बोलायला लागला.

मी नगरपंचायतीत गेलो. तिथं बांधकाम परवानगीला एक तरुण इंजिनियर मॅडम होत्या. त्यांनी जुन्या नकाशाची झेरॉक्स पुढं ठेवली आणि नीट समजावून सांगितलं.

"सर, गावठाणात घरं भिंतीला भिंत लागून असतात. तुमच्या एका बाजूला दोन रेघा आहेत, म्हणजे ती भिंत फक्त तुमची. दुसऱ्या बाजूला एकेरी रेघ आहे. ती भिंत तुमची आणि शेजाऱ्यांची सामायिक. तिच्यावर मजला चढवायचा तर त्या शेजाऱ्यांचं संमतीपत्र लागेल."

झेरॉक्सवर शेजाऱ्यांचे घर नंबर पुसट झाले होते. मॅडम म्हणाल्या, "नाव लिहून देऊ का?"

मी हसलो. "मॅडम, मी अकरा वर्षं..." असं म्हणून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मागं रांग होती, तिनंही ऐकलं.

घरी आलो. उंबऱ्यावर बसलो, रस्त्याकडं तोंड करून. नकाशा मांडीवर पसरला, उत्तरेचा बाण वर. एकेरी रेघ उजवीकडं. माझ्या उजव्या हाताला कोण? विलासनाना. झाली का पंचाईत!

का, ते सांगतो. डाव्या हाताला भूपालअण्णा राहतात. खताचं दुकान, थोडा ऊस आणि माझ्याशी जन्माची दोस्ती. रोज संध्याकाळी त्यांच्या दारातल्या कट्ट्यावर बसून आम्ही चहा प्यायचो. त्यांनी मला कोऱ्या कागदावर सही दिली असती. उजव्या हाताचे विलासनाना म्हणजे गलाईवाले. सेलमला सोनं गाळायचं दुकान, ते मुलांच्या हाती देऊन गावी परत आलेले. त्यांच्या पत्र्याचं पाणी माझ्या भिंतीवर पडतं, एवढ्यावरून सहा वर्षं आमचं बोलणं बंद.

कुणीही शहाण्या माणसानं या टप्प्यावर बायकोला विचारलं असतं. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांना "राम राम" घातला. नानांनी मागं वळून बघितलं, तिथं कुणी नव्हतं. मग त्यांनी दबकत "राम राम" केलं. आठवड्यानं मी त्यांच्या कुत्र्याची तब्येत विचारली. पंधरा दिवसांनी तर मी म्हणालो, "नाना, ते पत्र्याचं पाणी पडू द्या हो. भिंत गार राहती."

सहा वर्षांचं भांडण मी असं एका वाक्यात पाण्यात सोडलं. मुलाचं लग्न होतं, काय करता?

महिनाभरानं विषय काढला. नाना म्हणाले, "सही करतो की, सुभेदार. त्यात काय? पर माझं बी एक काम हाय."

"बोला."

"ह्या अण्णाचा कट्टा. रस्त्यावर आलाय. माझी गाडी वळत न्हाई. अर्ज टाकायचाय, पर तिथं माप लागतंय, नकाशा लागतोय. आन् नकाशातलं माणूस गावात एकच हाय."

अण्णांचा कट्टा! ज्यावर मी रोज बसतो तो! खरं सांगतो, मला लाज वाटली. पण त्याच वेळी ते शेवटचं वाक्य मला आवडलंही. मी मनाशी म्हटलं, अण्णा दोस्त आहे, समजून घेईल. व्याही समजून घेणार नाहीत.

अण्णा दुकानात गेल्यावर मी टेप घेऊन कट्टा मोजायला गेलो. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ते अण्णांच्या मंडळींनी धरलं.

"कशापायी मापताय, भावजी?"

"सहजच."

त्यांनी मला चहाही दिला. मी तो त्याच कट्ट्यावर बसून प्यायलो.

अर्ज असा उतरला की काय सांगू! कट्टा हद्दीबाहेर अडीच फूट, इंचासकट. सोबत आराखडा, उत्तरेचा बाण, प्रमाण, सगळं. सही नानांची. पण आराखड्याखाली, सवयीनं, मी लिहून गेलो: तयार करणार, सुभेदार अमुकअमुक, निवृत्त.

काही दिवसांनी नगरपंचायतीचं अतिक्रमण पथक जेसीबी घेऊन आलं. दोन फटक्यांत कट्टा गेला. मी खिडकीतून बघत होतो. अण्णांनी अर्ज बघायला मागितला. पथकातला माणूस कौतुकानं म्हणाला, "एवढा नेटका आराखडा आमाला अजून कुणी दिला न्हवता!" अण्णांनी तो खालपर्यंत वाचला. मग माझ्या दाराकडं एकदा बघितलं आणि आत गेले. त्या संध्याकाळपासून माझा चहा घरीच व्हायला लागला.

नानांनी मात्र शब्द पाळला. स्टॅम्प पेपरवर सही घेऊन मी छाती काढून मॅडमसमोर उभा राहिलो.

मॅडमनी कागद बघितला, नकाशा बघितला, मला बघितलं.

"सर, हे पश्चिमेचे शेजारी. तुमची सामायिक भिंत पूर्वेला आहे."

मी त्यांना समजावून सांगितलं. उजवा हात वर करून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही रस्त्याकडं तोंड करून बसला होता का?"

"हो."

"म्हणजे दक्षिणेकडं. मग नकाशा फिरवायला पाहिजे होता ना, सर? आधी उत्तर जुळवायची."

आधी उत्तर जुळवायची! पहिल्या दिवसाचा पहिला धडा. अकरा वर्षं मी हे वाक्य ओरडून सांगितलं आहे. जो विसरायचा त्याला मी पाठीवर पिशवी देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शेंगा फोडत होती, तिचा हात थांबला नाही.

"आवं, आपण भिंतीत खिळा ठोकला की अण्णांच्यात घड्याळ पडतंय. तीस वर्सं पडतंय. दोघांची भिंत कुटली, ते त्या घड्याळाला बी ठावं हाय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

अण्णांकडं गेलो. पूर्वी कट्टा होता तिथं उभा राहिलो. अण्णा "बस" म्हणाले नाहीत. तसं बसायला काही उरलंही नव्हतं.

"अण्णा, चुकलो."

"कशात? मापात? माप बरूबर हुतं. म्या बी मोजून बघितलं."

मग मी सगळं सांगितलं. उंबरा, नकाशा, उजवा हात, नाना, कुत्रा. अण्णा दगडासारखे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "थांब. म्हंजी तुला माझी सही पायजे हुती."

"व्हय."

"म्हणून तू माझा कट्टा पाडलास."

"...व्हय."

अण्णांचं आधी पोट हललं, मग खांदे, मग ते दाराला धरून हसायला लागले. डोळे पुसत आत हाक मारली, "आगं, भाईर ये, भाईर ये! ह्यो काय म्हणतोय ऐक!" मला सगळं पहिल्यापासून परत सांगावं लागलं. टेप धरणाऱ्या वहिनींसमोर.

हसून झाल्यावर अण्णा म्हणाले, "सही दितो. पोराचं लगीन हाय, त्याचा काय दोष? पर कागदावर माझी एक अट घालनार."

"घाला, कसलीबी घाला!" मी म्हणालो. अट काय, ते विचारलंही नाही. संमतीपत्र अण्णांनी स्वतः नेऊन दिलं.

परवानगी आली. खाली अटी होत्या. राडारोडा रस्त्यावर टाकू नये, शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये, असल्या नेहमीच्या दहा. अकरावी अशी: "संमती देणाऱ्या शेजाऱ्याच्या अटीनुसार, सदर बांधकामाचा नकाशा अर्जदाराने स्वतः वाचू नये."

मी धावत मॅडमकडं गेलो.

"सर, संमती सशर्त आहे. अट काढली तर संमती जाईल." वर म्हणाल्या, "आणि मंजुरीचा फलक दर्शनी भागात लावायचाय. सगळ्या अटींसकट."

लावला. फ्लेक्सवाल्यानं अकरावी अट जरा ठळक छापली. त्याला कुणी सांगितलं होतं, ते मी शोधत बसलो नाही.

स्लॅब पडला, खोली झाली. शिराळ्याची मंडळी आली. खोली पसंत पडली, पंचांग निघालं, तारीख धरली. मुलगा कित्येक महिन्यांनी माझ्याकडं बघून हसला. मी व्याह्यांना सोडायला दारापर्यंत आलो, तर ते फलकापुढं उभे. पहिल्या अटीपासून सावकाश वाचत होते. अकराव्या अटीपाशी त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि ती परत एकदा वाचली.

"सुभेदारसाब," ते म्हणाले, "तुमी मिल्ट्रीत काय शिकवत हुता म्हणलासा?"

"पोहायला," मी म्हणालो.