साडूने थांबवलेलं पाणी

माझ्या साडूइतक्या निष्ठेने दुरून काम करणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नसेल. ताट पलीकडच्या खोलीत वाढलं, तरी तो आधी बायकोला फोन करून भाजी कोणती ते विचारतो. शेलूबाजारात घरी बसून तो परदेशातल्या यंत्रांचे बिघाड शोधतो. त्यासाठी प्रत्येक यंत्रात एक छोटा सर्व्हर, म्हणजे आतली खबर साडूला कळवणारा प्रोग्राम, बसवलेला असतो. त्या बिचाऱ्याला नावं ठाऊक नसतात, नुसते पत्ते. अमुक नावाचं काम कुठं राहतं, हे त्याने साडूच्या लॅपटॉपला विचारायचं आणि उत्तर मिळालं की मगच आतले थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, मोजायची. लग्नात साडूही असाच वागतो. "डाव्या खांबाजवळ, गुलाबी फेटा. कोण?" असा बायकोला फोन; नाव आलं की मग नमस्कार.

आमचे सासरे केनवडला मिरचीची रोपं वाढवून विकतात. त्यावरच त्यांचं वर्ष निघतं. यंदा साडूने त्यांच्या पंपाला एक पेटी जोडली. एक थ्रेड ओल मोजणार, एक वेळ पाहणार, एक पाणी सोडणार. नारळ फोडला, हार घातला (पेटीला), आणि साडूने जाहीर केलं, "मामा, आता तुम्ही फक्त आराम करायचा."

मे महिन्यातल्या एका दुपारी पेटी ओल चुकीची दाखवू लागली. साडू लॅपटॉप उघडून बसला. मी शेजारी चहा पीत होतो. सर्व्हर म्हणे, एकच थ्रेड आहे. तासाभराने कळलं की लॅपटॉपवरची नावांची यादी जुन्या प्रोग्रामची होती. नवी दिली आणि तिन्ही थ्रेड दिसले. मुलीला स्थळ आल्यासारखा साडूचा चेहरा उजळला. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन.

"जवाईबापू, घंट्याभरापासून पाणी बंद हाय ना!"

"मीच थांबवलंय, मामा. एक थ्रेड तपासायचा तर सगळेच थांबवतो मी. बघतोय."

"तुमी पाहून राह्यले, पण रोपं कायले थांबतीन? माना टाकून राह्यले इथं!"

साडू घाईने पाणी सुरू करायला गेला, तर नेमकी रेंज गेली. पेटी थांबली ती थांबलीच. मग मात्र तो उठला, चप्पल घातली आणि आम्ही जीप धरली. पोहोचलो तेव्हा सासरे एकटेच झारीने पाणी घालत होते. दोन वाफे गेले होते.  साडूने दुसरी झारी भरली. सासरे एवढंच म्हणाले, "मुळाशी घाला. पानावर नोका."

पेटी आता नीट चालते. तरी सासरे रोज सकाळी साडूला फोन करतात, "जवाई, पाणी चालू हाय का, पाहा बरं." पाणी त्यांच्या पायांपाशीच पडत असतं, त्याचा आवाज फोनमध्येही ऐकू येतो. साडू लॅपटॉप न उघडताच म्हणतो, "चालू आहे, मामा. चहा झाला का?" मग दोघं बराच वेळ बोलतात.

मला त्यांचा असा फोन येत नाही. मी त्यांच्याकडे काही बसवलेलं नाही.